ओढताच सुटणारी गाठ

बाजारातल्या बुटांच्या दुकानात मामांची जागा ठरलेली होती. जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच, पुढच्या बाजूला उतार दिलेला एक लाकडी स्टूल. गिऱ्हाइकानं खुर्चीत बसायचं, उतारावर पाय ठेवायचा आणि मामांनी स्टुलाच्या दुसऱ्या टोकाला बसून त्या पायात बूट चढवायचा. तीसएक वर्षं मामांनी जग गुडघ्याच्या उंचीवरून पाहिलं. त्यांचं त्यावरचं मत पक्कं होतं: माणूस तोंडानं आठ नंबर सांगतो, पाय नऊचा असतो. त्याच्याशी वाद घालायचा नाही. आठचा खोका आणायचा, आत नऊचा बूट ठेवायचा आणि लेस बांधून म्हणायचं, "चालून बघा."

लेस बांधणं ही त्यांची खासियत. बोटं जाड, नखं आखूड, पण लेसचे दोन कान असे सारखे काढायचे की जणू पट्टीनं मोजलेत. लहान मुलांच्या बुटांना ते एक जास्तीचा वळसा देत. बो बांधून झाला की दोन्ही कान एकमेकांत घालून वरून आणखी एक गाठ. सुरगाठीची निरगाठ. पोर दुकानातून बाहेर पडलं की धावणार, लेस सुटणार, तोंडावर आपटणार आणि त्याची आई परत येऊन दुकानाचा उद्धार करणार, हे मामांनी एकदा पाहिलं होतं. दुसऱ्यांदा पाहायची त्यांची तयारी नव्हती. पुढे पुढे मोठ्या माणसांच्या बुटांनाही तो वळसा मिळू लागला. बांधून झालं की बुटाच्या नाकावर दोन थापट्या आणि "चालून बघा."

मग बिनलेसचे बूट आले, चिकटपट्टीचे आले, आणि गिऱ्हाईक स्वतःच फळीवरून खोका काढून उभ्या उभ्या पाय घालून बघू लागलं. मालकांनी खुर्च्या काढल्या. खुर्च्या गेल्यावर स्टुलाचं काम उरलं नाही आणि स्टूल गेल्यावर मामांचं. निरोपाच्या दिवशी मालकांनी त्यांना दुकानातला सगळ्यात महाग जोड भेट दिला. त्याला लेस नव्हती.

घरी बसलेल्या मामांनी पहिल्या आठवड्यात दाराजवळची सगळ्यांची पादत्राणं मापानुसार लावली. दुसऱ्या आठवड्यात रंगानुसार. तिसऱ्या आठवड्यात मुलाला कामावर निघताना आपला डावा बूट सापडेना, तेव्हा मामींनी तोंड उघडलं.

"अहो, एक तर बसा, नाहीतर फिरायला जा. मधल्या मधे उभे राहू नका. सारखे पायात पायात येता."

"मी मदत करतोय."

"तीच थांबवा."

मामी काही वाईट बोलत नव्हत्या. तीस वर्षं हे घर त्यांनी एकटीनं हाकलं होतं, आणि आता प्रत्येक दारात, प्रत्येक वळणावर एक मनुष्य हात मागे बांधून उभा असे. डब्यांची झाकणं घट्ट लावून ठेवी. इतकी घट्ट की ती उघडायला पुन्हा त्यालाच हाक मारावी लागे. हे मुद्दाम आहे असा मामींना संशय होता.

याच घरात जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर सूनबाईंचा कारखाना होता. त्या आधी एका छापखान्यात मांडणीचं काम करायच्या. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांनी जाड कागद, धारदार कटर, घडी पक्की करायची हाडाची पट्टी आणि सॅटिनच्या रिबिनींची रिळं आणून हातानं शुभेच्छापत्रं करायला घेतली. कोपऱ्यावरचा वह्या-पुस्तकांचा दुकानदार ती ठेवून घ्यायचा. सूनबाईंचा कटर काटेकोर चाले, रंगांची जाणही उत्तम. फक्त बो जमत नसे. रिबिनीचा बो आडवा बसायला हवा, यांचा उभा राहायचा, आणि वरचा कान खाली पडायचा. एकदा एका कार्डाकडे मामा बराच वेळ बघत राहिले.

"सूनबाई, हा ससा आजारी आहे का?"

"ससा नाहीये तो, बाबा. बो आहे."

"मग उभा का राहिलाय?"

"ते त्याला विचारा. मी आडवाच बांधला होता."

मामांनी खुर्ची ओढली. इतक्या दिवसांत त्या टेबलाशी ते जेवणाखेरीज पहिल्यांदाच बसत होते. त्यांनी बो सोडला, रिबीन बोटांमधून ओढून सपाट केली.

"पहिली गाठ मारताना तू डावं टोक उजव्यावरून घेतलंस. बरोबर? मग कान करताना उजवा डाव्यावरून आला पाहिजे. तू दोन्ही वेळा एकाच बाजूनं फिरवतेस, म्हणून तो वळून उभा राहतो. शंभरातली ऐंशी माणसं आपली लेस अशीच बांधतात आणि मग लेसला शिव्या देतात."

त्यांनी बांधून दाखवला. बो आडवा बसला, दोन्ही कान सारखे, मध्ये गाठ वाटाण्याएवढी. सूनबाईंनी कार्ड हातात घेऊन चहूबाजूंनी पाहिलं.

"बाबा, हे तुम्ही इतके दिवस लपवून ठेवलं होतंत?"

"लपवलं कुठे? कुणी विचारलं नाही."

"आणखी दहा बांधून द्याल?"

मामी भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "तीस वर्षं लोकांच्या पायाशी बसले, आता सुनेच्या टेबलाशी बसतायत. बढती झाली म्हणायची."

बढती झालीच. कागद आणि कल्पना सूनबाईंची, बो मामांचे. सकाळी घरची आवराआवर झाली की मामा हात धुऊन, कोरडे करून टेबलाशी हजर. सॅटिनला घामट बोट लागलं की डाग राहतो, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. रिबिनीची टोकं तिरकी कापायची ते सूनबाईंनी शिकवलं. चमकती बाजू नेहमी वर राहावी म्हणून दुसरा कान काढताना रिबिनीला अर्धा पीळ द्यायचा ते मामांनी शोधलं. वाद होत. मामांना कान मोठे आवडत, सूनबाईंना लहान.

"बाबा, हे कार्ड आहे. हत्ती नाही."

"लहान कानाचा बो घाबरलेला दिसतो."

दारातल्या पादत्राणांकडे त्यांनी पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही, आणि डब्यांची झाकणं सहज उघडू लागली.

पण टेबलावरच्या कारखान्याचं भवितव्य तळ्यात-मळ्यात होतं. कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर बसायचं काम सूनबाईंना सांगून आलं होतं. ठरावीक वेळ, ठरावीक पगार. शनिवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुझं तू ठरव." असं म्हणणारा नवरा मदत करत नसतो, फक्त पुढचं भांडण टाळत असतो. सूनबाईंनी मग स्वतःच कौल लावायचं ठरवलं, कारण त्याच सुमारास दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या.

डॉक्टरीणबाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानात एक कार्ड पाहिलं होतं. त्यांच्या पियानोच्या बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत होत्या. गावभर पसरलेले जुने विद्यार्थी शाळेच्या सभागृहात जमून त्यांचा वाढदिवस करणार होते. नव्वद आमंत्रणं हवी होती. सूनबाईंनी त्यांच्यासाठी नमुना केला: पुढून दोन फळ्यांच्या दारासारखं मिटणारं कार्ड, त्या फळ्या बंद ठेवणारी निळी रिबीन आणि मधोमध बो. रिबिनीचं टोक ओढलं की बो सुटायचा, दोन्ही फळ्या उघडायच्या आणि आतून कागदी पियानो उभा राहायचा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसकट.

डॉक्टरीणबाईंनी टोक ओढलं. पियानो उभा राहिला. त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"परत बांधा, परत बांधा!" बाई म्हणाल्या. मामांनी बांधला. त्यांनी पुन्हा ओढला. असं तीनदा झालं. मग त्या एकदम कामाच्या आवाजात बोलल्या. "एवढं सांभाळा. एका बोटानं ओढलं की सुटलं पाहिजे. आमच्यातले निम्मे आता सांधेदुखीवाले आहेत. गाठीशी झटापट करायला लावलीत तर कार्ड बाजूला पडेल आणि मग मला नव्वद फोन करावे लागतील. तेच टाळायला तर कार्डं करतेय."

"एका बोटानं," सूनबाई म्हणाल्या. "शब्द देते."

त्या रात्री जेवताना त्यांनी घरात जाहीर केलं. "ही ऑर्डर नीट पार पडली तर मी कार्डंच करणार. नाही पडली तर शनिवारी कुरिअरवाल्यांना हो सांगून मोकळी होणार. मग रडगाणं नको."

मुलानं मान डोलावली. मामी म्हणाल्या, बरं. मामांचा घास हातातच राहिला. सूनबाई काउंटरवर गेल्या तर हे टेबल पुन्हा नुसतं जेवणाचं होणार होतं, आणि आपण पुन्हा दाराजवळ. हा हिशेब करायला त्यांना कागद लागला नाही.

काम सुरू झालं. सूनबाई पियानो कापायच्या, घड्या घालून चिकटवायच्या, मामा रिबीन ओवून बो बांधायचे. पहिल्या दिवशी ते इतके जपून बांधत होते की मामींनी विचारलं, "हे बो आहेत की बॉम्ब?" प्रत्येक गाठीकडे लक्ष, प्रत्येक कान दोनदा बघून. दुसऱ्या दिवशी हात बसला. तिसऱ्या दिवशी शेजारचे निवृत्त पोस्टमन गप्पा मारायला येऊन बसले. ते मामांच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, त्यामुळे विषय दुकानाचाच निघाला. दोन पायांचे वेगवेगळे नंबर असलेला तो वकील, बायकोच्या मापाचे बूट स्वतःच्या पायात कोंबणारा तो कंजूष, लग्नाच्या आदल्या दिवशी दोन्ही डावे बूट घेऊन गेलेला तो नवरामुलगा. मामा रंगात आले. तोंड चालू आणि हातही चालू, आणि हात असे झरझर चालले की सूनबाईंचे पियानो मागे पडू लागले.

"बाबा, जरा दमानं. मला गाठू द्या की."

"माझ्या वेगाला दुकानातही कुणी गाठलं नाही," मामा म्हणाले आणि बांधून झालेल्या कार्डावर दोन थापट्या मारून बोलून गेले, "चालून बघा."

पोस्टमन हसले, सूनबाई हसल्या, मामाही हसले. मग दर कार्डाला थापट्या आणि "चालून बघा" सुरू झालं. त्या हसण्यात थापट्यांच्या आधी हात काय करत होते तिकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.

शनिवारी सकाळी सूनबाई खोका घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी हातमोजा काढून वरचं एक कार्ड उचललं, टोक ओढलं, पियानो उभा राहिला. त्यांनी मान हलवली आणि त्या पुन्हा पेशंटकडे वळल्या. सूनबाई तिथूनच पुढे कागदबाजारात गेल्या. फोन घरी चार्जिंगला लावलेला तसाच राहिला होता, पण त्याची त्यांना त्या आनंदात आठवणही झाली नाही.

घरी चार कार्डं जास्तीची उरली होती. मामी हात पुसत टेबलाशी आल्या.

"इतके दिवस या पियानोपायी मांडीवर ताट घेऊन जेवले. बघू तरी कसा वाजतो." त्यांनी एक कार्ड उचललं, रिबिनीचं टोक धरलं आणि ओढलं. मग जरा जोरात ओढलं. "अहो, या दाराला आतून कडी आहे."

"तू उलटं ओढतेस."

"रिबीन उलटी काय आणि सुलटी काय. घ्या, तुम्हीच ओढा."

मामांनी हसत हसत कार्ड घेतलं आणि ओढलं. बो सुटला नाही, उलट गाठ आणखी आवळली. त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी अंगठा गाठीखाली घातला. वाटाण्याएवढी लागायला हवी होती, तिथे दोन वाटाणे लागले. दुसरं कार्ड सुटलं. तिसरं नाही. चौथंही नाही.

"काय झालं?" मामींनी विचारलं.

"वळसा," मामा म्हणाले. "वरचा वळसा घातलाय मी. पोरांच्या बुटांना घालायचो तो."

मामींनी कार्ड हातात घेऊन गाठ निरखली. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो हा असा. किती कार्डांना?"

"पोस्टमन आला त्यानंतरच्या सगळ्या."

त्यांनी सूनबाईंना फोन लावला. तो शेजारच्या खोलीतच वाजला. घड्याळाकडे बघून मामांनी कात्री आणि उरलेली रिबीन खिशात घातली आणि दार ओढून घेतलं. मामी मागून काहीतरी ओरडल्या, ते त्यांना ऐकू आलं नाही.

दवाखान्यात बाहेरच्या खोलीत तीन पेशंट बसले होते. त्यातल्या एकाचा गाल लिंबाएवढा सुजला होता. मामा धापा टाकत टेबलापाशी पोचले. नोंदणी करणाऱ्या मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"आजोबा, तुमच्या एका पायात चप्पल आहे आणि एका पायात बूट."

मामांनी खाली बघितलं. चप्पल त्यांची, बूट मुलाचा. "ते असू दे. आधी कार्डं कुठायत ते सांग."

खोका कपाटावर होता. विद्यार्थी संध्याकाळी येऊन आपापल्या भागातली कार्डं घेऊन जाणार होते. तीन मात्र सकाळीच गेली होती. मामांनी खोका मांडीवर घेतला आणि बाहेरच्या बाकावर बसून एकेका गाठीखाली अंगठा घालायला सुरुवात केली. सुटणारी उजवीकडे, न सुटणारी डावीकडे. डावीकडचा ढीग वाढत चालला. सुजल्या गालाचा माणूस बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"काय शोधताय?"

"चुका."

"कुणाच्या?"

"ज्यानं बांधल्या त्याच्या. तो मीच."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई पुढच्या पेशंटला बोलवायला बाहेर आल्या. मामा उभे राहिले आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं: निम्म्याहून जास्त कार्डं ओढून उघडणार नाहीत, चूक माझी, सुनेला अजून माहीतही नाही, आणि संध्याकाळच्या आत मी ती सगळी दुरुस्त करून देतो.

"पण सकाळी मी स्वतः ओढून पाहिलं!"

"वरचं पाहिलंत. ते पहिल्या दिवशीचं. तेव्हा मी शुद्धीवर होतो."

बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मी तुमच्या सुनेला एकच गोष्ट सांगितली होती. एकच."

"तिनं मला ती दहा वेळा सांगितली. मी ऐकली. हातांनी ऐकली नाही."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग डाव्या ढिगाकडे. "कात्रीनं कापणार का?"

"कापली तर रिबीन आखूड पडते. गाठ उकलायची. एखादी सुई असेल तर द्या. टोकदार, पण रेशीम न फाडणारी."

बाई आत गेल्या आणि दातांतली कीड तपासायची बारीक आकडी घेऊन आल्या. टोक वाकडं, मूठ पकडायला जाड. मामांनी ती बोटांत फिरवून पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावरून असं वाटलं की तीस वर्षं दुकानात हे हत्यार नव्हतं, हा आपल्यावर अन्यायच झाला.

"आतली दुसरी खुर्ची आज रिकामी आहे," बाई म्हणाल्या. "दिवा लावून देते. आणि हे बघा, रिबिनीला सुरकुती पडलेली मला चालणार नाही."

पेशंटच्या खुर्चीत बसायला मामांनी साफ नकार दिला. त्यांनी बाजूचा चाकांचा स्टूल घेतला. कार्डं अवजारांच्या तबकात, वर मोठा पांढरा दिवा, हातात आकडी. गाठीच्या पोटात टोक घालायचं, हलवायचं, एक पदर सैल झाला की तोच ओढायचा. पहिल्या गाठीला फार वेळ गेला, पुढच्यांना कमी. सुरकुतीचा प्रश्न चहानं सोडवला. नोंदणीवाल्या मुलीनं कपभर गरम चहा आणून दिला. मामांनी तो प्यायला नाही, सोडवलेली रिबीन कपाच्या बाहेरून ताणून फिरवली आणि ती इस्त्री केल्यासारखी सपाट झाली. चहा निवला की ते कप परत पाठवत आणि दुसरा मागवत. तिसऱ्या कपाला मुलीनं विचारलं, "साखर घालू की नुसताच इस्त्रीसाठी?"

सूनबाई कागदबाजारातून घरी आल्या, मामींकडून सगळं ऐकलं आणि उलट्या पावली दवाखान्यात पोचल्या. दारातून त्यांना दिसले ते दिव्याखाली वाकलेले सासरे, पायांत दोन प्रकारची पादत्राणं, आणि शेजारी स्वतःचा नंबर पुढच्या माणसाला देऊन रिबिनी कपावर धरणारा सुजल्या गालाचा एक अनोळखी माणूस.

"बाबा."

मामांनी वर पाहिलं नाही. "निम्म्याहून जास्त आहेत. अर्धी सोडवून झाली."

"मी येईपर्यंत थांबायचं होतंत ना!"

"तू येईपर्यंत ती वाटली गेली असती. फोन घरीच होता तुझा."

सूनबाईंना राग आला होता आणि तो खोटा नव्हता. एवढा शब्द दिला होता, एवढीच एक अट होती. त्यांनी पिशवी खाली आपटली, मग ढीग पाहिला आणि दुसरा स्टूल ओढला. "द्या इकडे. सोडवलेली कुठली?"

"ही. पण बांध तू. मी फक्त सोडवतो. माझ्या हातांचा आज भरवसा नाही."

सूनबाईंनी पाच-सहा बांधली. बो आता आडवे बसत, पण वेळ लागे. बाहेरून मुलगी येऊन सांगून गेली की पहिले विद्यार्थी तासाभरात पोचतील. सूनबाईंनी हातातली रिबीन मामांच्या पुढ्यात टाकली.

"असं संपणार नाही. तुम्हीच बांधा. मी बघते."

"आणि हात पुन्हा गेला तर?"

"मी आहे ना."

मामांनी गाठ मारली, कान काढले, बो बसवला. दोन्ही कान एकमेकांत घालायला बोटं आपोआप उचलली गेली.

"बास!" सूनबाई ओरडल्या.

पलीकडच्या खुर्चीतल्या पेशंटनं खाडकन तोंड मिटलं. डॉक्टरीणबाईंचं बोट आत होतं.

"तुम्हाला नाही हो!" डॉक्टरीणबाई कळवळून म्हणाल्या. "तुम्ही आ करूनच राहा! काही झालं तरी आ!"

त्यानंतर "बास" हळू आवाजात म्हणायचं ठरलं. मामा बांधायचे, बोटं उचलली जायची, "बास", मामा कार्ड ठेवायचे. थापट्या नाहीत, काही नाही. विद्यार्थी यायला लागले तेव्हा शेवटची दोन कार्डं राहिली होती, ती मामांनी त्यांच्यासमोरच बांधली. सकाळी गेलेल्या तीन कार्डांसाठी मुलीनं फोन केले. एक बाई म्हणाल्या, आमचं एका ओढीत उघडलं. दुसऱ्यांनी केसांच्या पिननं गाठ सोडवली होती. तिसरे एक निवृत्त इंजिनीअर. त्यांनी कात्री घेतली आणि रिबिनीबरोबर पियानोचे पायही कापले. जास्तीचं उघडणारं कार्ड होतं ते त्यांच्याकडे पाठवायचं ठरलं.

दवाखाना रिकामा झाल्यावर सूनबाईंनी डॉक्टरीणबाईंना सरळच विचारलं. त्यांना कुरिअरचं ऑफिस बंद व्हायच्या आत तिकडे जायचं होतं आणि उत्तर ठरवायचं होतं.

"मला खरं सांगा. ही ऑर्डर पार पडली म्हणायची का नाही?"

डॉक्टरीणबाई हात धूत होत्या. त्यांनी बोट वर करून पाहिलं, त्यावर दातांचे दोन व्रण होते. "दाढ काढताना तुटते कधी कधी. मग तुकडे तुकडे करून काढावी लागते. शेवटी सगळी निघाली, तर पेशंटला मी काय सांगते? निघाली. आणि घरी जाऊन परत तुटणार नाही याची काळजी घेते." त्यांनी टॉवेल टांगला. "आकडी मात्र परत द्यायला सांगा सासऱ्यांना. खिशात घातलीय त्यांनी."

सूनबाई कुरिअरच्या ऑफिसात गेल्या आणि नाही सांगून आल्या. घरी कुणी जल्लोष केला नाही. मुलगा म्हणाला, "बरं झालं," आणि आपला उजवा बूट परत मागितला.

मग नियम ठरले, कारण डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सूनबाईंना पटलं होतं. ओढून उघडणारं प्रत्येक कार्ड तपासूनच बाहेर जाणार. पण तपासणार कसं? ओढून बघितलं की बो सुटतो, सुटला की पुन्हा बांधावा लागतो, मग पुन्हा बांधलेला कोण तपासणार? यावर सासरे-सुनेचा अख्खी एक सकाळ वाद झाला. मामा म्हणत, अंगठ्यानं कळतं. सूनबाई म्हणत, अंगठा तुमचा, चूकही तुमची, गुन्हेगारच पंच कसा होईल? सूनबाईंना कागद कापायचा असे, सारखं मामांच्या बोटांकडे बघत बसायला वेळ नव्हता. शेवटी सोलायच्या शेंगांची परात घेऊन मामीच टेबलाशी येऊन बसल्या.

"तू काप, हे बांधतील. 'बास' मी म्हणते. त्यात काय मोठी विद्या लागते?"

आता त्या टेबलाशी तीन खुर्च्या लागतात. मामींचा हात शेंगांवर असतो आणि डोळे मामांच्या बोटांवर. अजून एकही वळसा त्यांच्या नजरेतून सुटलेला नाही. तक्रार आहे ती मामांची. परवा त्यांनी ती रीतसर सुनेपुढे मांडली.

"अगं, ही मी रिबीन हातात घेतली की लगेच बास म्हणते. अजून पहिली गाठसुद्धा मारलेली नसते."

"लग्नाला चाळीस वर्षं झाली," मामी शेंग मोडत म्हणाल्या. "मागची थकबाकी भरून काढतेय."

सूनबाईंनी कटरवरची नजर काढली नाही. "बाबा, त्यांना काढता येणार नाही. सगळ्यांत कमी चुका त्यांच्याच आहेत."

मामांनी रिबिनीचं पुढचं रीळ जवळ ओढलं, टोक तिरकं कापलं आणि पहिली गाठ मारली.

"बास," मामी म्हणाल्या.